घर गहाण, पदक ब्राँझचं

अहो, ऐकलंत का? प्रिन्सिपॉलसाहेबांनी घर गहाण टाकलं! हो, स्वतःचं घर. सात हजार रुपयांना. आणि कुणासाठी म्हणाल, तर मुलगा नाही, जावई नाही, नात्यातला कुणीच नाही. कॉलेजातला एक पैलवान पोरगा, त्याला परदेशी कुस्ती खेळायला जायचं होतं, त्याच्यासाठी! आता तुम्ही म्हणाल, ही १९५२ सालची गोष्ट, आज काय तिचं? अहो, या दौंडात गाड्यासुद्धा वेळेवर येत नाहीत, बातमीला कुठे बोल लावता? मला नीट कळली ती आत्ता, जत्रेच्या वेळी. आणि कळल्यापासून पोटात ठरत नाहीये. म्हटलं, वहिनी बागेत दिसल्या की आधी त्यांना सांगायचं. ती बादली ठेवा खाली, या जरा अशा कुंपणापाशी.

कोण काय? खाशाबा जाधव हो! आपले खाशाबा. कराडच्या शेजारचं ते गोळेश्वर, तिथले. आणि प्रिन्सिपॉल म्हणजे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे बॅरिस्टर खर्डेकर. बॅरिस्टर माणूस, बँकेच्या दारात उभा राहिला आणि घराचे कागद टेबलावर ठेवले. बँकेतल्या कारकुनाचं तोंड कसं झालं असेल! आणि मला खरी उत्सुकता कशाची आहे सांगू? घरी काय झालं असेल याची. संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोला कसं सांगितलं असेल? जेवायच्या आधी की जेवण झाल्यावर? हे कुणी सांगतच नाही बघा. पुरुषमाणसं गोष्ट सांगतात ना, तेव्हा नेमका स्वयंपाकघरातला भाग गाळतात. आमच्या ह्यांनी नुसता भिशीचा हप्ता मित्राला उसना दिला होता, तर मी कितीतरी दिवस आमटीला फोडणी दिली नव्हती...

तर काय सांगत होते, खाशाबा. १५ जानेवारी १९२६ चा जन्म. दादासाहेब पैलवानांचा मुलगा, पाच भावांत धाकटा. घरातच आखाडा म्हणायचा. आठव्या वर्षी की काय गावातल्या नामी मल्लाला दोन मिनिटांत आडवा केला म्हणतात. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात. तिथे असतानाच बेचाळीसची चळवळ पेटली, तर हा पोरगा भूमिगतांना लपायला जागा दे, त्यांच्या चिठ्ठ्या पोचव, असले उद्योग करायचा. आई-वडिलांना टेन्शन नसेल का हो? आमचा धाकटा नुसता न्हावऱ्यापर्यंत बाइकवरून गेला तरी मी दहा फोन करते.

पण अंगानं मात्र किरकोळ. म्हणजे पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कसा धिप्पाड गडी येतो, कान मोडलेले, दारातून आडवा होऊन आत येणारा. तसलं काही नाही. राजाराम कॉलेजात गेले तर तिथल्या खेळाच्या मास्तरांनी वर्षाच्या स्पर्धेत नावच घ्यायला नकार दिला. का, तर अंगात काही नाही! मग पोरगा गेला थेट प्रिन्सिपॉलकडे. ते म्हणाले, खेळू दे की. आणि खेळला, आणि एकेक जण पाठीवर. मास्तरांचा चेहरा बघायला मी हवी होते. मी त्या मास्तरांना बोल लावत नाही हां. आपणही भाजी घेताना आधी आकारच बघतो.

त्यांचा हुकमी डाव कुठला, माहितीये? धाक. आमच्या जाऊबाईंचे वडील तालमीतले, शिरूरचे, म्हणजे घोडनदीचे. ते समजावून सांगायचे. समोरच्याच्या मानेत हात घालायचा, वळायचं, कंबर खाली घालायची आणि गडी पाठीवरून पलीकडे. त्यात अंगाच्या वजनापेक्षा वेळ साधायला लागते, असं ते म्हणायचे. आणि हे सगळं सांगताना एकदा त्यांनी जावयाच्याच मानेत हात घातला होता. तेव्हापासून भाऊजी त्यांच्यापासून दोन हात लांब बसायचे.

तर १९४८ चं लंडन ऑलिम्पिक. त्या वारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. आणि गंमत ऐका, तिकडे कुस्ती मातीत नाही, गादीवर! तोवर आमचा पठ्ठ्या गादीवर कधी उभा राहिलेला नाही. लाल मातीत पाय कसा रुततो, त्या अंदाजानं सगळे डाव बसलेले, आणि इथे पायाखाली मऊ मऊ. नियमही वेगळे, गुणांवर हारजीत, आपल्यासारखं पाठ टेकली की निकाल एवढंच नाही. रीस गार्डनर म्हणून एक अमेरिकन कोच होता, त्यानं थोडंफार शिकवलं. तेवढ्यावर हा माणूस ५२ किलोच्या गटात जगात सहावा आला! सहावा म्हणजे आपल्याकडे नापास. पण गादीवर पहिल्यांदाच उतरलेल्या पोराला हे काय कमी आहे? आणि खाशाबा काय म्हणत बसले असतील, तर पुढच्या वेळी बघतो. चार वर्षं नुसती मेहनत. वजनी गटही वरचा धरला, ५७ किलोचा.

बरं, मध्येच एक सांगते, नाहीतर विसरेन. आमच्या धाकट्या वन्सं अमेरिकेत ना, ओहायोत, क्लीव्हलँडजवळ. त्यांचा मुलगा त्यांच्या त्या फुटबॉलचा वेडा. तो फुटबॉल पायानं खेळायचा नसतो हो! चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं, आणि त्यांनी ह्याला धरून आडवा पाडायचा. आपल्या कबड्डीत चढाई करणारा गडी पाच जणांचे हात सोडवून रेषेला टेकतो ना, तसंच काहीसं, फक्त डोक्यावर टोप घालून. तर व्हिडिओ कॉलवर मी त्याला खाशाबांची गोष्ट सांगत होते. तो म्हणाला, मामी, अगदी ह्याच सालातला आमच्याकडे एक आहे, मॅरिअन मोटली. म्हटलं, सांग बाबा, भाजी शिजायला वेळ आहे.

तर हा मोटली काळा माणूस. वजन १०८ किलो, म्हणजे जवळजवळ दोन खाशाबा. १९४६ साली क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये आला. त्या काळी तिकडच्या मोठ्या धंदेवाईक फुटबॉलमध्ये काळ्यांना दारं बंद होती. हा आणि बिल विलिस, आणि तिकडे लॉस एंजेलिसला आणखी दोघं, असे चौघं त्याच वर्षी आत शिरले. पगार वर्षाला साडेचार हजार डॉलर. आणि पुढचं ऐका. फ्लॉरिडात मॅच होती तर ह्या दोघांना घरीच ठेवावं लागलं, का, तर काळ्यांनी गोऱ्यांबरोबर मैदानात उतरायचं नाही असा तिथला कायदा. वर धमक्यांची पत्रं. संघ जिंकला, हे घरी बसले. कशी घशाखाली उतरली असेल ती जीत! पण पुढे मात्र त्यानं जे केलं... पहिली चारही वर्षं त्यांचा संघ त्यांच्या लीगचा चॅम्पियन. मग १९५० साली एनएफएल नावाच्या मोठ्या लीगमध्ये गेले आणि पहिल्याच वर्षी तिथलेही चॅम्पियन. मोटली त्या वर्षी सगळ्यांत जास्त धावला. एका मॅचमध्ये अकरा वेळा चेंडू घेऊन १८८ यार्ड! सगळ्या करिअरची सरासरी काढली तर एका खेपेला १७ फूट. लोकांनी अंगावर पडायचं आणि ह्यानं त्यांना घेऊन १७ फूट पुढे जायचं, दर वेळी.

मग गुडघे गेले. जाणारच. करिअर संपलं. मग बिचारा कोचची नोकरी मागायला गेला तर नकार. ज्यांच्यासाठी गुडघे झिजवले तिथेही दाद लागली नाही. पोस्टातसुद्धा काम केलं म्हणे त्यानं. १९६८ साली त्याला फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि तो हॉल आहे कुठे, तर कँटनला, तो लहानाचा मोठा झाला त्याच गावात! मान दिला, पण पोटाचं काय? भाचा म्हणाला, मामी, सगळीकडे असंच. मी म्हटलं, थांब, सगळीकडे असंच म्हणून सोडून देऊ नकोस. आमच्या खाशाबांच्या पाठीशी माणसं होती. ती कोण, ते तर सांगतेय.

हां, तर काय सांगत होते... निवड! १९५२ ची निवड. मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथे म्हणे ह्यांना एक गुण कमी दिला. आता कुणी दिला, का दिला, ते मी कशाला बोलू, पण लोक बोलायचे ते बोललेच. निरंजन दास म्हणून बंगालचे मल्ल होते, त्यांच्याशी चढाओढ. खाशाबा गप्प बसले नाहीत. पतियाळाचे महाराज कुस्तीचे शौकीन, त्यांच्यापर्यंत गाऱ्हाणं गेलं. ते म्हणाले असतील, मग लावा की पुन्हा जोड. लावली. खाशाबांनी उचलून टाकला. संपला विषय. कागदावरचा गुण तुम्ही खाल्लात, पण पाठ मातीला लागली ती सगळ्यांनी बघितली. निवड करणाऱ्यांच्या माना कशा झाल्या असतील, नुसती कल्पना करा.

निवड झाली, पण पैसे? फिनलंड हो, हेलसिंकी. कुठे आहे ते मला अजून नकाशात पटकन दाखवता येणार नाही. सरकारकडे मागणी केली. त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजीभाई. चार हजार मागितले होते, तर तिकडून उत्तर आलं म्हणतात की स्पर्धा झाल्यावर भेटा! स्पर्धा झाल्यावर? अहो, मुलीचं लग्न उरकल्यावर मांडवाचे पैसे देतो म्हटल्यासारखं झालं हे. मग काय, खाशाबा आणि त्यांच्या घरचे गावोगाव फिरले. गोळेश्वरानं वर्गणी काढली. कराडच्या दुकानदारांनी दिले. कुणी रोकड, कुणी तांदूळ-गहू, ज्याला जे झेपेल ते. तरी कमी पडतंय म्हटल्यावर खर्डेकरसाहेब बँकेत गेले आणि घराचे कागद... ते तर सांगितलंच मघाशी.

मला ह्यातलं काय आवडतं सांगू? खर्डेकरांनी हे भाषणात सांगितल्याचं कुठे ऐकलं नाही. आत्ताचे लोक शाळेला पंखा दिला तरी त्याच्या पात्यावर नाव घालतात. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही ही गोष्ट वेगळी.

तर हेलसिंकी. २० जुलैपासून कुस्त्या. कॅनडाचा आला, गेला. मेक्सिकोचा आला, गेला. जर्मनीचा, तोही गेला. आणि मग जपानचा इशिई. ही लढत लांबली, दमवणारी, आणि खाशाबा थोडक्यात हरले. तो इशिई पुढे सुवर्ण घेऊन गेला, त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं एकुलतं एक सुवर्ण. म्हणजे हरले तेही कुणा ऐऱ्यागैऱ्याकडून नाही. पण खरी मेख पुढे आहे. ती लढत संपली न संपली, घाम पुसायचाय अजून, तोच सांगितलं, चला, रशियाच्या ममदबेयोवबरोबर उभे राहा. अहो, नियम होता दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा! अर्धा तास! पण हे सांगायचं कुणी? आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. एकही नाही. कुठे गेले होते, देव जाणे. नियम पुस्तकात, पुस्तक दुसऱ्याच्या हातात. उभे राहिले तसेच. आणि हरले. ममदबेयोवला रौप्य, आपल्याला ब्राँझ.

मी त्या अधिकाऱ्यांपैकी एखाद्याची बायको असते ना, तर घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारला असता, त्या वेळेला तुम्ही कुठे होतात? आणि उत्तर मिळेपर्यंत चहा ठेवला नसता.

आणि आणखी एक राहिलंच, कोल्हापूरचे केशव माणगावे तिथेच होते, वेगळ्या वजनात. त्यांचंही पदक थोडक्यात हुकलं. म्हणजे बघा, अर्धं कोल्हापूर हेलसिंकीला धडका मारत होतं आणि दिल्लीला पत्ता नाही. पदक मिळालं २३ जुलैला. २४ ला हॉकीचं सुवर्ण! बलबीर सिंगांनी अंतिम सामन्यात पाच गोल केले. मग काय, सगळे पेपर हॉकीचे. सुवर्णापुढे ब्राँझकडे बघतंय कोण. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणि त्याला एक दिवससुद्धा पुरता मिळाला नाही हो मिरवायला.

पण गावाला बरोबर कळलं होतं! गावानं पैसे घातले होते ना, मग हिशेब गाव ठेवणारच. परत आले तेव्हा कराड स्टेशनवर शंभरावर बैलगाड्या. ढोल, लेझीम, हलग्या. स्टेशनपासून गावच्या महादेवाच्या देवळापर्यंत एरवी पटकन होणारी वाट, त्या दिवशी सात तास लागले. सात तास! ज्यानं पायली गहू दिले तो म्हणत असेल, पदकात माझा वाटा. ज्या बाईनं दोन रुपये दिले तीही म्हणत असेल. आणि खरंच होता की त्यांचा वाटा. ह्याला म्हणतात पदक. मग खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, स्वतः खेळले, जिंकले, आणि जे पैसे जमले त्यातून प्रिन्सिपॉलचं घर सोडवलं. उपकाराची परतफेड पहिली. नंतर बाकीचं. म्हणून मी भाच्याला म्हटलं, सगळीकडे असंच म्हणू नकोस.

सरकारचं विचारता? सरकारी नोकरी मिळाली, नाही असं नाही, पण तीन वर्षांनी. १९५५ साली पोलिसात सब-इन्स्पेक्टर. आमच्या गल्लीत ते रिटायर्ड जमादार भाऊ आहेत ना, एसआरपीतले, गट नंबर पाचचे, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, वहिनी, पोलिसात सगळे सारखे, पदक असो नसो, ड्युटी ती ड्युटी. मी म्हटलं, भाऊ, मग खेळाडूंच्या नावानं भरती कशाला करता? तर मिशीवरून हात फिरवून गप्प. खाशाबांनी २७ वर्षं नोकरी केली. पोलिसांतल्या स्पर्धा गाजवल्या, पोरांना शिकवलं. असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले. आणि त्यानंतर पेन्शनसाठी खेटे. पेन्शन! आमच्या ह्यांची रेल्वेची पेन्शन एक महिना अडकली तर घरात किती तमाशा झाला होता, तुम्ही तर ऐकलाच असेल, कुंपणाच्या अलीकडून.

१९८२ च्या दिल्लीच्या एशियाडला मशाल घेऊन धावण्याचा मान दिला. बरं झालं, एवढं तरी जिवंतपणी झालं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी हो. गेल्यानंतर मग सगळ्यांना आठवण यायला लागली. शिवछत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झालेला, ह्यांना दिला २००० सालचा, म्हणजे जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. पद्म पुरस्कार तर हयातीत नाहीच. दिल्लीत २०१० साली कुस्तीच्या स्टेडियमला नाव दिलं. गूगलनं २०२३ ला वाढदिवसाचं चित्र काढलं. आता १५ जानेवारी आपल्या राज्याचा क्रीडा दिन. सगळं छान आहे, मी कुठे वाईट म्हणतेय? पण घर सोडवायला त्यातलं काही कामाला आलं नाही एवढंच.

हे सगळं निघालं कुठून, ते सांगायचंच राहिलं. माहेरच्या जत्रेला गेले होते ना, शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढे. चौफुल्यावरून एसटी पकडली, उभ्यानं गेले, पण जत्रा चुकवायची नाही. दुपारी कुस्त्यांचा फड. आधी बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या. हलगी कडाडतेय, पोरं शड्डू ठोकताहेत. बायकांना हल्ली पुढे बसायला मिळतं, तेवढी सुधारणा झालीये. शेवटच्या कुस्तीला इनाम केवढं, तर एक लाख आणि चांदीची गदा. माइकवाला गळा फाडून सांगतोय, अमुकतमुक शेठकडून, तमुक दादांकडून. नावं सांगण्यातच कुस्तीएवढा वेळ गेला.

तेवढ्यात एक म्हातारे बाबा उठले. पांढरा पटका, हातात काठी. माइकपाशी गेले आणि म्हणाले, खाशाबांना हेलसिंकीत किती मिळाले होते रं? माइकवाला गडबडला. म्हणाला, बाबा, ऑलिम्पिकला पैसे नसतात, तिथं नुसतं पदक. बाबा म्हणाले, ते ठावं आहे मला. मी इचारतो, जायला पैसे कुणी दिले होते? सगळा फड गप्प! ते शेठ आणि ते दादा पुढच्याच खुर्चीत, त्यांनी लगेच मोबाइल काढून बघायला सुरुवात केली. तेव्हा तिथल्या हायस्कुलाच्या मास्तरांनी उठून ही अख्खी गोष्ट सांगितली, खर्डेकरांची, गहू-तांदळाची, सगळी. हलगीवाला हलगी खाली ठेवून ऐकत होता. आमच्या वहिनींनी तर पदर डोळ्याला लावला. मी मेलं रडत नाही पटकन, पण माझ्या हातातली रेवडी हातातच राहिली.

आणि त्यावरून आठवला तो स्वप्नील कुसाळे. २०२४ चं पॅरिस, १ ऑगस्ट, रायफल नेमबाजीत ब्राँझ. कोल्हापूरचाच पुन्हा, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा! महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, आणि तेही परत त्याच जिल्ह्यांच्या पट्ट्यात. आणि नोकरी तेव्हा कुठे, तर आपल्या मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीस! त्या दिवशी इथल्या स्टेशनवर चहावाल्यापासून गार्डापर्यंत सगळे असे छाती काढून फिरत होते, जणू रायफल ह्यांनीच धरली होती. आमचे ह्यांनी तर रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी शेजारच्या पेढे वाटणाऱ्याला सांगितलं, आमच्या डिपार्टमेंटचा पोरगा. तिकिटाचं डिपार्टमेंट वेगळं आणि ह्यांचं इंजिनाचं वेगळं, पण मी मध्ये बोलले नाही, चेहरा इतका खुलला होता. त्या पोराच्या वडिलांनीही कर्ज काढूनच बंदुकीच्या गोळ्यांचा खर्च भागवला म्हणे. म्हणजे ७२ वर्षांत बदललं काय? पदक मिळाल्यावर रेल्वेनं लगेच बढती दिली आणि सरकारनं कोटी जाहीर केले, हे बदललं. पदकाच्या आधीचे दिवस अजून घरच्यांच्याच गळ्यात.

तर सांगायचं काय... अहो, बादली उचलू नका, झालंच. मुद्द्याचं तर आत्ता येतंय.

आपल्या मागच्या चाळीतली ती मुलगी, हो तीच, पहाटे बापाबरोबर मैदानावर पळायला जाते ती. कुस्ती खेळते. जिल्ह्याला निवडली गेली, आता राज्याला जायचंय. बाप हमालीला जातो स्टेशनच्या मालधक्क्यावर. दूध-बदामाचा खुराक, बूट, प्रवास, राहणं, सगळं धरून हिशेब केला तर त्याच्या आवाक्याबाहेर. परवा आई आमच्याकडे आली होती, पण मागायला नाही हो, नुसतं सांगायला. सांगता सांगता थांबली आणि चहा न घेताच उठली. तेव्हाच मी ठरवलं. आपण काही बॅरिस्टर नाही, आणि घर गहाण टाकायला आमचं घर आधीच बँकेकडे आहे. पण गल्लीत घरं आहेत की नाहीत? गोळेश्वरातल्या बायकांनी गहू घातले, आपल्याला शंभर-दोनशे जड आहेत का?

ही बघा वही. पहिलं नाव माझं. दुसरं जमादार भाऊंचं, मिशीवरून हात फिरवत का होईना, पाचशे दिले त्यांनी. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांनी महिन्याचं दूध आणि बदाम कबूल केलेत, पैसे नाहीत, जिन्नस. तिसरी ओळ तुमच्यासाठी रिकामी ठेवलीये, वहिनी. किती लिहू? आणि हो, भाऊजींना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. सांगायचंच असेल, तर जेवण झाल्यावर सांगा.